जुनी स्पोर्ट्स कार घरी रिस्टोर करताय? आधी क्रम ठरवा, मग पाना उचला

जुनी स्पोर्ट्स कार घरी आणली की पहिल्या काही दिवसातच सगळी खोलून टाकायची खुमखुमी येते. बॉनेट काढलं, मडगार्ड काढले, सीट काढल्या, इंजिन बाहेर, वायरिंग एका खोक्यात, आणि मग वर्षभर ते सांगाडे आणि खोकी तशीच पडून राहतात. अशा अर्धवट खोललेल्या गाड्या शेवटी दुसऱ्याला विकल्या जातात आणि घेणाऱ्याला कुठला बोल्ट कुठला हे कधीच कळत नाही. गंज दुरुस्त करता येतो, इंजिन पुन्हा बांधता येतं, पण हरवलेला क्रम परत मिळवणं फार अवघड. म्हणून या लेखात जे काही सांगतोय ते सगळं एकाच गोष्टीभोवती आहे: एका वेळी एकच भाग उघडा, तो पूर्ण करा, मगच पुढचा.

उदाहरणासाठी एमजीबी घेतोय, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी इंग्लंडमधे अॅबिंग्डनला बनत होती, पाच लाखांच्या वर बनल्या, पार्ट अजून नवे मिळतात आणि रचना सरळ आहे, त्यामुळे शिकायला हिच्यासारखी गाडी नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्याकडे ट्रायम्फ असो, अल्फा असो नाहीतर डॅटसन, आकडे तुमच्या मॅन्युअलमधून घ्या, क्रम मात्र बहुतेक हाच राहील.

घेण्याआधी काय बघायचं

कागदपत्रं आधी. चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि मालकीचे कागद जुळतायत का हे पैसे देण्याआधी बघायचं, नंतर नाही.

मग पत्रा. चमकणारा रंग बघून खूष होऊ नका, खिशात एक छोटं चुंबक ठेवा आणि ते कापडात गुंडाळून मडगार्डच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, दाराखालचे भाग सगळीकडे फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे खाली पत्रा नाही, पुटी आहे. एमजीबीत पाणी कुठे साचतं ते ठरलेलं आहे: हेडलाइटच्या मागची चिखल अडकणारी पट्टी, पुढच्या मडगार्डचा दाराजवळचा खालचा कोपरा, मागच्या लीफ स्प्रिंगचे हँगर, सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या, डिकीचा तळ. पेट्रोलची टाकी डिकीखाली लटकते आणि तिच्या वरच्या बाजूला माती साचून राहते, म्हणजे खालून टाकी छान दिसते आणि वरून सडलेली असते.

सगळ्यात महत्त्वाचे सिल, म्हणजे दाराखालून पुढून मागे जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेट्या. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस, आणि उघड्या टपाच्या गाडीत वर छप्पर नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवायचं बरंचसं काम सिल करतात. तपासायची सोपी पद्धत अशी, दार बंद करून दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली बघा, मग मधल्या जॅकिंग पॉइंटवर जॅक लावून ती बाजू थोडी उचला आणि पुन्हा बघा. फट बदलली, दार उघडताना अडायला लागलं, किंवा जॅक आत घुसतोय असा कुरकुर आवाज आला तर सिल गेलेत असं समजून चाला. हे दुरुस्त होतं, पण मोठं काम आहे आणि किंमत ठरवताना ते धरायलाच हवं.

यांत्रिक बाजूला घाबरायचं कारण कमी. कुठलीही मेलेली एमजीबी जिवंत होते, पत्रा सडलेली मात्र घाम काढते. त्यामुळे दोन गाड्यांमधे निवडायची वेळ आली तर खराब इंजिन आणि चांगली बॉडी असलेली घ्या, उलटं करू नका.

खोलण्याआधीचा आठवडा

गाडी चालू होत असेल तर आधी ती चालवून बघा, म्हणजे ब्रेक आणि स्टीअरिंग सुरक्षित असेल तरच, आणि एका वहीत सगळं लिहा. गिअर कुठला अडतो, कुठून आवाज येतो, ऑइल प्रेशर गरम इंजिनवर किती. एमजीबीला चालताना साधारण ५० ते ८० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप) आणि आयडलिंगला १० ते २५ असं मॅन्युअल सांगतं. हे आकडे आधीच मिळाले तर इंजिन उघडायचं की नाही हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागत नाही.

कॉम्प्रेशन टेस्ट पण आत्ताच करा. चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहा. चारही एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असतील तर निवांत राहा. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमधे चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा, आकडा वर गेला तर रिंग घासल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले तर बहुतेक गॅस्केट त्या दोघांच्या मधे फुटलंय.

इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारत बसू नका. प्लगच्या भोकातून पातळ ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या, आणि मग क्रँकच्या पुलीच्या नटावर लांब पाना लावून हळूच पुढेमागे हलवा. जोर लावला तर रिंग तुटते.

आणि फोटो. आत्ता वाटतं लक्षात राहील, राहत नाही. प्रत्येक भाग काढायच्या आधी लांबून एक, जवळून एक आणि पाइप-वायर कुठून कशी जाते याचा एक. ब्रेक पाइप कुठल्या क्लिपमधे होता, हँडब्रेकची केबल कशाच्या वरून जाते, या असल्या गोष्टींचे फोटो पुढे सोन्याच्या मोलाचे ठरतात.

जागा आणि हत्यारं

गाडीच्या चारही बाजूंनी दार पूर्ण उघडेल एवढी जागा, सपाट आणि कडक जमीन, चांगला उजेड, आणि वेल्डिंग करणार असाल तर हाताशी फायर एक्स्टिंग्विशर. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय कधीच नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लोक फक्त दोन मिनिटांचं काम आहे म्हणून जातात, म्हणून परत लिहितोय.

पान्यांबद्दल एक महत्त्वाचं. त्या काळातल्या ब्रिटिश गाड्यांचे बोल्ट बहुतेक युएनएफ आट्यांचे, इंचाच्या मापाचे असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, आणि १३ चा पाना त्यावर बसतो, जवळजवळ बरोबर वाटतो, आणि गंजलेल्या बोल्टवर जोर लावला की कोपरे गोल करून टाकतो. ७/१६, १/२, ९/१६ हे तीन पाने चांगल्या प्रतीचे घ्या, एमजीबीचं अर्ध्याच्या वर काम त्यातच होतं. गोटी पाना सहा कोनांचाच घ्या, बारा कोनांचा गंजलेल्या बोल्टवर सुटतो.

जाम झालेला बोल्ट सोडवताना आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवायचं, सकाळी परत मारायचं, हातोडीने डोक्यावर सरळ दोन-तीन ठोके द्यायचे आणि मग सोडवायच्या आधी किंचित घट्ट करायचा. तो 'कट्' असा बारीक आवाज आला की गंजाची पकड सुटली, आता उलटा फिरवा, अर्धा आटा सोडा, पाव आटा परत, असं करत करत बाहेर काढा. एका दमात फिरवला की तुटणारच. तरीही नाही हलला तर नट तापवा, पण आजूबाजूला पेट्रोल, ब्रेक ऑइल, रबर काही नाही हे बघूनच.

काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्याच पिशवीत, पिशवीवर तारीख आणि जागा. शक्य असेल तिथे बोल्ट काढून परत त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा, हा सगळ्यात चांगला डबा आहे. आणि जुना पार्ट, कितीही खराब असला तरी, नवा बसेपर्यंत फेकू नका. आजचे नवे बनवलेले पार्ट कित्येकदा मापात नसतात, भोक दोन मिमी सरकलेलं असतं, रबर कडक असतं, आणि तेव्हा जुना समोर ठेवूनच कळतं की चूक कुठे आहे.

जुन्या ब्रेक शू, क्लच प्लेट आणि गॅस्केटमधे अॅसबेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेने उडवायची नाही, ओली करून पुसायची आणि फडकं बंद पिशवीत टाकायचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग कोरडा घासतानाही चांगला मास्क लावायचा.

सिलचं काम, इथे घाई नको

घरी रिस्टोर करणाऱ्याची खरी कसोटी इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

एमजीबीचा सिल म्हणजे एक पत्रा नाही. बाहेरचा सिल, त्याच्या आत उभा मधला पत्रा, मग आतला सिल, आणि खाली दातेरी आकाराचं कॅसल सेक्शन, हे सगळं मिळून एक मजबूत पोकळ पेटी होते. बाहेरचा सिल पुढे मडगार्डच्या मागे आणि मागे मागच्या मडगार्डच्या आत गेलेला असतो. बरेच जण फक्त दाराखालचा दिसणारा तुकडा कापून तेवढाच नवा लावतात, किंवा सडलेल्यावरच नवा पत्रा ठोकतात. बाहेरून मस्त दिसतं, आत गंज तसाच, आणि ताकद शून्य. असलं काम करायचं असेल तर करूच नका.

पहिली गोष्ट, दारं जागेवर राहू द्यायची. सिल कापताना दार हेच आपलं माप आहे. गाडी सपाट उभी करा, वजन पुढच्या क्रॉसमेंबरवर आणि मागच्या अॅक्सलवर येईल असे स्टँड लावा, मधे कुठेही टेकू नको, नाहीतर गाडी मधे वर उचलली जाते आणि ती तशीच वेल्ड होऊन बसते. मग दाराच्या फटी बघा. मी यासाठी ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू वापरतो, ४ मिमी आणि ५ मिमीचा बिट घ्यायचा, फटीत सरकवून वरपासून खालपर्यंत न्यायचा, कुठे अडतो आणि कुठे सैल जातो ते मास्किंग टेपवर लिहून तिथेच चिकटवायचं. फट वर कमी आणि खाली जास्त असेल तर गाडी मधून खचलीये. जॅकने अगदी हळू हळू उचलत फटी समांतर आणायच्या आणि मगच दाराच्या चौकटीत आतल्या बाजूने ब्रेस लावायचा, बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत २५ मिमीची चौकोनी नळी, वर एक आणि तिरकी एक. दार उघडबंद होईल अशा बेताने लावा, म्हणजे काम चालू असताना तपासता येईल.

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच बाजू. आणि त्या बाजूलासुद्धा सगळं एकदम कापायचं नाही. बाहेरचा सिल काढला की आतलं दिसतं, आधी आतला सिल आणि कॅसल सेक्शन बदलायचं, मग मधला पत्रा, शेवटी बाहेरचा. जुने स्पॉट वेल्ड स्पॉट वेल्ड कटरने सोडवा, छिन्नीने फाडलं तर खालचा चांगला पत्राही जातो.

नवे पत्रे आधी क्लँप आणि सेल्फ टॅपिंग स्क्रूने बसवून दार लावून बघायचं. परत बिट फिरवायचा. जमलं? मग टाके मारायचे. परत बिट. मग पूर्ण वेल्डिंग. कंटाळवाणं आहे, पण सिल एकदा वेल्ड झाला की दार बसवण्यासाठी बिजागरीत फार जागा नसते.

वेल्डिंगसाठी गॅसवाला मिग घ्या, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन. बॉडीचा पत्रा साधारण ०.९ ते १ मिमी, त्याला ०.६ ची तार सोपी जाते. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे आपण वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिमीची भोकं पाडून त्यातून खालच्या पत्र्यावर वेल्ड भरायचा, दर २५-३० मिमीवर एक. जिथे पत्रे कडेला कड लावून जोडायचेत तिथे सलग लाइन ओढायची नाही, एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, तिसरा मधे, आणि प्रत्येक थंड होऊ द्यायचा. पत्रा तापला की लाटा येतात आणि सपाट पॅनलवरच्या लाटा पुटीनेही झाकत नाहीत. आधी जुन्या कापलेल्या पत्र्यावर सराव करा, वेल्ड उलट बाजूला नीट उतरलाय का बघा, आणि मग तो जोड व्हाइसमधे धरून मुद्दाम वाकवून तोडायचा प्रयत्न करा. पत्रा फाटला आणि जोड राहिला तर हात बसला.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढायची, पेट्रोलची टाकी आणि लाइन बाहेर, कार्पेट आणि सीट बाहेर, जवळचा डांबरासारखा अंडरसील खरवडून काढायचा कारण तो पेटतो. काम झाल्यावर निदान अर्धा तास तिथेच थांबायचं, आग बहुतेक वेळा नंतर लागते. आणि पेट्रोलची टाकी कधीच वेल्ड करायची नाही, रिकामी असली तरी नाही, नवी घ्या. झिंक चढवलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर छातीला वाईट, त्यामुळे हवा खेळती ठेवा.

हे काम आपल्याला झेपणार नाही असं वाटलं तर फटी जुळवणं, ब्रेस आणि खोलणं स्वतः करा आणि फक्त वेल्डिंगला माणूस बोलवा. त्यात काहीच कमीपणा नाही, आणि गाडी सुरक्षित होते.

प्रायमर आणि रंग

उघडा पत्रा एक रात्रही तसा सोडायचा नाही. साफ करून, तेलकटपणा पुसून लगेच इपॉक्सी प्रायमर मारा. साधा जाड प्रायमर पाणी शोषतो, त्यामुळे तो मारून गाडी महिनोन्महिने ठेवली तर आतून गंज चालूच राहतो. पुटी कमी, अगदी पातळ, आणि इपॉक्सीवर. मग जाड प्रायमर, त्यावर वेगळ्या रंगाचा हलका फवारा मारून पाणी पेपरने लाकडी ठोकळ्यावर घासायचं, तो रंग जिथे शिल्लक राहतो तिथे खड्डा. १८० नंबरच्या पेपरपासून सुरुवात, ३२०, मग ५०० च्या आसपास. हाताने, बोटांनी घासू नका, बोटांच्या रेषा शेवटच्या कोटवर उन्हात दिसतात.

शेवटचा टू-के रंग, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, घरी मारायच्या मी विरोधात आहे. त्याच्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतं, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, साधा फिल्टरचा मास्क पुरत नाही, आणि एकदा त्याची अॅलर्जी बसली की ती आयुष्यभर राहते. तयारी सगळी स्वतः करा, ती खर्चाची आणि कष्टाची बाजू आहे, आणि शेवटचा कोट बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्या. सिल आणि पोकळ भागांत वॅक्स मात्र रंग झाल्यावर मारायचा. आधी मारला तर रंग धरणार नाही.

सस्पेन्शन आणि ब्रेक

ब्रेकमधे काटकसर नाही. रबरी नळ्या सगळ्या नव्या, व्हील सिलिंडर नवे, कॅलिपरचे पिस्टन काढून बघा, गंजाचे खड्डे असतील तर नवे. धातूचे पाइप तांबं-निकेलचे घ्या, ते वाकवायला सोपे आणि गंजत नाहीत. ब्रेक ऑइल डॉट ४, आणि ते रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं. एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून लांब असलेल्या चाकापासून सुरुवात करायची.

पुढच्या हबचं एक लक्षात ठेवा. एमजीबीत दोन टेपर बेअरिंगच्या मधे एक स्पेसर आणि पातळ शिम असतात. नट पूर्ण टॉर्कला, ४० ते ७० पाउंड-फूट, घट्ट करायचा आणि तरीही हबला ०.००२ ते ०.००४ इंच खेळ राहायला हवा, तो शिम कमीजास्त करून आणायचा. बऱ्याच जुन्या गाड्यांत कोणीतरी स्पेसर फेकून नुसता नट सैल ठेवलेला असतो. ते चालत नाही, त्या स्पेसरमुळेच स्टब अॅक्सलला बळकटी मिळते. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या उभ्या पिनला, ग्रीसची निपल असतात, ग्रीस सगळ्या बाजूंनी बाहेर येईपर्यंत गन मारा.

इंजिन

एमजीबीचं १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन दणकट आहे. कॉम्प्रेशन आणि ऑइल प्रेशर चांगलं असेल तर उघडू नका, सील आणि गॅस्केट बदला, साफ करा, रंगवा, बसवा. क्लच बदलायला इंजिन बाहेर काढावंच लागतं, त्यामुळे एकदा बाहेर आलंय तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही बदलून टाका. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच काढणं सोपं पडतं, आधी गिअरबॉक्सचं ऑइल काढून घ्या नाहीतर तिरकं केलं की मागून सगळं जमिनीवर.

उघडायचंच असेल तर मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका. बोअर आणि क्रँकचे जर्नल चांगल्या मशीन शॉपमधे मोजून घ्या, किती घासलंय त्यावर पिस्टन आणि बेअरिंगचा साइझ ठरतो. हेडला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घ्या, शिसं नसलेल्या पेट्रोलवर जुन्या सीट झिजतात. पेट्रोलच्या रबरी नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या, आर-९ ग्रेडच्या घ्या, जुन्या प्रकारच्या आतून विरघळून कार्बोरेटर जाम करतात.

टॅपेट सेटिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्हची फट बरोबर करण्यासाठी, नऊचा नियम पाठ करा. आठ व्हॉल्व्ह पुढून मोजायचे, आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा, म्हणजे दोन्हीची बेरीज नेहमी नऊ. बहुतेक एमजीबींना थंड इंजिनवर ०.०१५ इंच. फिलर गेज सरकताना हलका ओढा जाणवला पाहिजे, आणि लॉकनट आवळल्यावर परत तपासायचं, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच.

इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५०, जुन्या इंजिनांसाठीचं झिंक जास्त असलेलं घ्या. एमजीबीच्या गिअरबॉक्समधेही हेच इंजिन ऑइल जातं, गिअर ऑइल नाही, ते फक्त डिफरन्शियलमधे.

एसयू कार्बोरेटर

एसयू हे त्या काळातल्या ब्रिटिश गाड्यांतले कार्बोरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारे. लोक यांना विनाकारण घाबरतात. वरचं घुमट काढा, आतला पिस्टन आणि सुई जपून ठेवा, सगळं स्वच्छ पुसा, घासू नका. परत बसवल्यावर पिस्टन बोटाने उचलून सोडला की 'टक्' असा स्वच्छ आवाज येऊन तो पडला पाहिजे, अडखळत असेल तर जेट मधोमध नाही. एचएस४ या मॉडेलच्या कार्ब्युरेटरमधे खालचा जेटचा नट आधी पूर्ण वर, जेट ब्रिजच्या बरोबरीला, आणि मग बारा पैलू म्हणजे दोन पूर्ण फेरे खाली, इथून गाडी चालू होते. घुमटात पातळ ऑइल घाला.

इंजिन पूर्ण गरम झालं की दोन्ही कार्बमधली लिंक सैल करा आणि रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं एकेका कार्बच्या तोंडाशी धरा, दोन्हीकडे सारखाच सूऽऽ आवाज येईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू फिरवा. मग मिक्श्चर. पिस्टन खालच्या पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचला. स्पीड वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन लगेच बंद पडायला आलं तर कमी, आणि क्षणभर थोडा वाढून परत होता तिथे आला तर बरोबर. एका वेळी एकच पैलू फिरवायचा. पण हे सगळं टॅपेट, पॉइंट आणि टायमिंग झाल्यावरच, आधी केलं तर दिवस वाया.

वायरिंग

१९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं. कुठलाही नवा इलेक्ट्रॉनिक भाग लावण्याआधी हे तपासा.

ब्रिटिश गाड्यांचे वायरचे रंग ठरलेले, एकदा कळले की काम हलकं होतं: तपकिरी म्हणजे बॅटरीवरून सरळ, पांढरी चावी दिल्यावर, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून, जांभळी कायम चालू फ्यूजमधून, लाल साइड लाइट, निळी हेडलाइट, काळी अर्थ. काचेचे जुने ३५ अँपिअरचे फ्यूज ३५ ला उडतात, पण सतत १७ अँपिअरच सोसतात. त्याजागी आजचा ३५ वाला लावला तर फ्यूजच्या आधी वायर जळेल.

निम्म्या तक्रारी अर्थच्या असतात. प्रत्येक अर्थची जागा चकचकीत धातूपर्यंत घासा, आणि रंगकाम झालेल्या गाडीत तर हमखास, कारण नव्या रंगावर अर्थ बसतच नाही. इंजिन आणि बॉडी जोडणारी पट्टी विसरलात तर स्टार्टरचा सगळा करंट चोक किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो, आणि ती केबल लाल होऊन धूर काढते.

पहिल्यांदा सुरू करताना

प्लग काढून, कॉइलची वायर काढून, स्टार्टर थोडा थोडा फिरवा, घड्याळावर ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. मग प्लग लावा, १-३-४-२ फायरिंग ऑर्डर परत तपासा, पेट्रोल कुठे गळतंय का बघा, दुसरा माणूस एक्स्टिंग्विशर घेऊन बाजूला उभा. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर सुरू झाल्याबरोबर स्पीड २००० च्या वर न्या आणि वीस मिनिटं तसाच ठेवा, आयडलिंगवर सोडू नका, हळू फिरताना नव्या कॅमवर पुरेसं ऑइल उडत नाही आणि तो पहिल्याच दिवशी खराब होतो. म्हणूनच कूलंट, टायमिंग आणि पेट्रोल आधी पक्कं करून ठेवायचं. मधे गळती किंवा प्रेशर पडलेलं दिसलं तर मात्र लगेच बंद.

पहिली चक्कर बंद आवारात, फक्त ब्रेक आणि स्टीअरिंगसाठी. परत आल्यावर चारही हबला हात लावा, एखादा जास्त गरम असेल तर ब्रेक धरतोय. मग छोट्या चकरा, प्रत्येकीनंतर गाडीखाली कागद टाकून ठेवायचा आणि डाग कुठला आहे ते बघायचं. पहिल्या आठशे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, हेडचे नट मॅन्युअलच्या क्रमाने परत टॉर्कला आवळा, टॅपेट पुन्हा सेट करा, आणि सस्पेन्शनचे बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा, हवेत लटकत असताना आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.